सतरा नंबरची फाईल

नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट आहे. इंटर्नल ऑडिटमध्ये ट्रेनी होते मी, आणि आमचे सिनियर मला पहिल्यांदाच एका स्टोअर्सच्या ऑडिटला घेऊन गेले. तिथल्या इनचार्जने इतकी छान तयारी करून ठेवली होती की मला कौतुकच वाटलं, टेबलावर पाच फायली, प्रत्येकीवर लेबल, पानांना नंबर, व्हाउचर तारखेप्रमाणे लावलेले, मी खुर्ची ओढून पहिली फाईल उघडणार तेवढ्यात सिनियर म्हणाले, "अगं थांब. या नकोत." आणि इनचार्जकडे वळून, आवाज अजिबात न चढवता, "त्या कपाटातली सतरा नंबरची काढता का जरा?"

कपाटाची किल्ली सापडायला दुपार झाली.

सतरा नंबरमध्ये घबाड वगैरे काही सापडलं नाही हां. सापडलं ते एवढंच की बऱ्याच कोऱ्या व्हाउचरवर आधीच सह्या करून ठेवल्या होत्या. सह्या एका अत्यंत सज्जन माणसाच्या होत्या, तो सारखा दौऱ्यावर असायचा आणि आपल्यावाचून कुणाचं काम अडू नये म्हणून सह्या करून जायचा. परत येताना मी जरा हिरमुसले होते, एवढ्यासाठी अर्धा दिवस घालवला का आपण, असं काहीतरी पुटपुटले पण. तेव्हा सिनियर म्हणाले, "हे बघ, समोरच्याने निवडलेलीच फाईल वाचायची असेल तर आपण कशाला हवेत? तोच वाचेल की."

बावीस वर्षं हेच काम केलं आणि आता रिटायर झाल्यावर मला एक विचित्र छंद लागलाय. वेगवेगळ्या देशांच्या गुप्तचर यंत्रणांवर लक्ष कोण ठेवतं, कसं ठेवतं, आणि ते जमतं का, याबद्दलचे रिपोर्ट वाचायचे. हेरकथा नाही बरं का, कमिट्यांचे अहवाल, इन्स्पेक्टरांचे निष्कर्ष, कोर्टाचे निकाल, म्हणजे बाकीच्यांना झोप येईल असलं सगळं. घरातले हसतात. पण मला त्यात सारखं तेच कपाट दिसतं आणि तीच हरवलेली किल्ली.

हिशोबाच्या माणसाला सगळ्यात जास्त धक्का कशाचा बसावा? परदेशी नेत्यांना मारायचे कट वगैरे वाचून लोक हादरतात, मी हादरले ते १९४९ च्या अमेरिकन कायद्यातल्या एका कलमाने. सीआयएचा जो खर्च गोपनीय स्वरूपाचा असेल त्याच्यासाठी संचालकाचं सर्टिफिकेट हेच पुरेसं व्हाउचर मानायचं, असं त्यात चक्क लिहिलंय. पावती नाही, दुसरी सही नाही, कशासाठी खर्च केला ते नाही, मी म्हणतो झाला म्हणजे झाला. (आमच्याकडे असं कुणी म्हटलं असतं तर!) तरी अमेरिकन संसदेच्या ऑडिट खात्याने सीआयएचे हिशोब तपासायचा प्रयत्न केला होता, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तो सोडून दिला, कारण धड काही तपासता येईल इतकं बघायलाच मिळत नव्हतं. मला त्या ऑडिटर लोकांबद्दल फार वाटतं. म्हणजे काम करायचं नाही असं नाही, पण दार उघडतंय तेवढ्यातून बघून "सर्व ठीक" असं लिहायचं त्यांनी नाकारलं, ते पण काही कमी नाही.

आता लगेच कुणीतरी म्हणेल की ताई, ते काय स्टोअर्स आहे का? तिथे व्हाउचरवर नाव लिहिलं तर ज्याचं नाव आहे त्याचा गळा कापला जातो. अगदी खरं आहे ते आणि मला मान्य आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची असतेच, आणि या धंद्यात तर मूठ उघडली की आतला माणूसच जातो. म्हणून सगळं चव्हाट्यावर मांडा असं मी म्हणतच नाहीये, कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की मूठ जगासमोर झाकलेली राहू दे, पण एक कुणीतरी असा हवा की ज्याला ती कधीही उघडून बघता येईल, आणि तो त्या घरातला नको, त्या घराच्या मालकाचाही नको. आणि कुठलं बोट उघडायचं ते त्याने ठरवायचं.

हे शेवटचं वाक्य लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात ते किती वेळा हुकलंय ते बघा.

सुरुवातीला तर लक्ष ठेवायची ज्यांची जबाबदारी होती त्यांनाच बघायचं नव्हतं. १९७१ मध्ये जॉन स्टेनिस नावाचे सिनेटर, सीआयएवर देखरेख करणाऱ्यांपैकीच एक, सभागृहात म्हणाले होते की गुप्तचर यंत्रणा ठेवायची तर तिला सांभाळायचं, थोडे डोळे मिटून घ्यायचे आणि जे पदरात पडेल ते घ्यायचं. चोरून नाही, उघड म्हणाले. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावात काही सामान्य नागरिकांनी एफबीआयच्या छोट्याशा ऑफिसचं कुलूप तोडून आतल्या फायली पळवल्या आणि वर्तमानपत्रांना पोस्टाने पाठवून दिल्या. अली आणि फ्रेझरची ती गाजलेली बॉक्सिंग मॅच त्या रात्री होती, सगळे तिकडे कान लावून बसलेले असतील म्हणून मुद्दाम ती रात्र निवडली. त्या कागदांमध्ये एक अनोळखी शब्द होता, कोइंटेलप्रो, आणि त्याचा अर्थ लावता लावता उघडकीला आलं की १९५६ पासून एफबीआय स्वतःच्याच देशातल्या चळवळी पोखरत होती, माणसांमध्ये भांडणं लावत होती, मार्टिन ल्यूथर किंग यांना तर १९६४ मध्ये निनावी पत्र पाठवलं होतं, ज्याचा अर्थ बऱ्याच लोकांनी आत्महत्या कर असा लावला. पंधरा वर्षांच्या कारभाराचं पहिलं खरं ऑडिट कुणी केलं, तर दरोडेखोरांनी. मी ऑडिटर म्हणून हे वाचते तेव्हा मला हसू पण येतं आणि लाजही वाटते.

मग १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी बसली आणि पहिल्यांदाच बाहेरच्या लोकांनी आतली कपाटं उघडली. जे निघालं त्यातलं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं प्रकरण म्हणजे शॅमरॉक. दुसरं महायुद्ध संपलं ऑगस्ट १९४५ मध्ये. युद्धात परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या तारा तपासल्या जात होत्या, ते ठीक, युद्धच होतं. पण युद्ध संपल्यावर लष्कराच्या लोकांनी तार कंपन्यांना विनंती केली की आम्हाला प्रती देत राहा, कंपन्यांनी दिल्या, आणि देतच राहिल्या, तब्बल मे १९७५ पर्यंत! शेवटी शेवटी एनएसएचे, म्हणजे तारा-फोन चोरून ऐकणाऱ्या अमेरिकन गुप्तचर संस्थेचे, लोक महिन्याला साधारण दीड लाख तारा वाचत होते. तीस वर्षं. कुठल्याही कोर्टाची परवानगी नाही, आणि यात कुणी राक्षस होता असंही नाही हो, एकाने दुसऱ्याला चार्ज दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला, काम चालू होतं म्हणून चालू राहिलं. दौऱ्यावर जाणाऱ्या त्या सज्जन माणसाच्या कोऱ्या सह्या आठवतात मला. न्यूयॉर्कमध्ये सीआयएने १९५३ ते १९७३ मध्ये दोन लाखांवर पत्रं फोडली, त्यातही तेच, फोडणाऱ्याला ते रोजचं काम वाटत असणार.

पण याच कमिटीच्या काळात अजून एक गोष्ट घडली. डिसेंबर १९७५ मध्ये अथेन्समधले सीआयएचे प्रमुख रिचर्ड वेल्च यांची घरासमोर गोळ्या घालून हत्या झाली. आणि लगेच वातावरण असं झालं की बघा, चौकश्या करत बसलात ना, आता माणसं मरायला लागली. खरं तर कमिटीने वेल्च यांचं नाव कधीच उघड केलेलं नव्हतं, ते आधीच दुसरीकडे छापून आलं होतं. पण तेवढं कोण ऐकतं. देखरेखीचा विषय निघाला की आजही कुठल्याही देशात हेच ऐकू येतं, तुम्ही प्रश्न विचारताय म्हणजे कुणाचा तरी जीव जाणार, आणि समोरचा माणूस गप्प बसतो, कारण त्याला ते खोडून काढायला लागणारी माहितीही त्याच यंत्रणेकडे असते.

असो. चर्च कमिटीनंतर अमेरिकेने कायमच्या कमिट्या केल्या, १९७८ मध्ये कायदा करून पाळतीची परवानगी देणारं खास गुप्त कोर्ट पण उभं केलं. ऐकायला एकदम पक्कं वाटतं. पण या कोर्टाची गोम अशी की तिथे बहुतेक वेळा एकच बाजू येते, सरकारची. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याला अर्थातच कळवता येत नाही, त्यामुळे समोर उभं राहून "साहेब, हे खोटं आहे" म्हणणारं कुणी नाही, आणि न्यायाधीश वाचतात ते एजन्सीने लिहून आणलेलं. म्हणजे टेबलावर मांडलेल्या, लेबलं लावलेल्या पाच फायली! न्यायाधीश कितीही प्रामाणिक असू देत, सतरा नंबर कपाटात आहे हेच त्यांना माहीत नसतं.

ते किती महागात पडू शकतं ते डिसेंबर २०१९ मध्ये कळलं. ट्रम्प यांच्या २०१६ च्या प्रचारात सल्लागार असलेल्या कार्टर पेज या माणसावर पाळत ठेवण्यासाठी एफबीआयने कोर्टात चार अर्ज केले होते, न्याय खात्याचे इन्स्पेक्टर जनरल, म्हणजे खात्याचे अंतर्गत तपासनीस, मायकल होरोविट्झ यांनी ते तपासले तर त्यात १७ मोठ्या चुका किंवा गाळलेल्या गोष्टी निघाल्या. बरं, एकाच केसमध्ये झालं असेल, राजकारण असेल, असं म्हणता आलं असतं. पण होरोविट्झ यांनी पुढे जे केलं ते वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसले, कारण ते शंभर टक्के आमचं काम होतं, त्यांनी सॅम्पल घेतलं. एफबीआयमध्ये २००१ पासून नियम होता की अर्जातल्या प्रत्येक विधानाला आधार देणारा कागद एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचा. होरोविट्झ यांच्या टीमने २९ अर्ज निवडले, स्वतः, आणि म्हणाले दाखवा ती फाईल. चार अर्जांच्या फायली सापडल्याच नाहीत. उरलेल्या २५ च्या २५ मध्ये काही ना काही चूक किंवा आधार नसलेलं विधान दिसलं. २५ पैकी २५! आता प्रामाणिकपणे सांगायचं तर नंतर खात्याने उत्तर दिलं की यातल्या बहुतेक चुका किरकोळ आहेत, त्यामुळे कुठलीही परवानगी रद्द होण्यासारखी नाही, आणि तारीख चुकली, स्पेलिंग चुकलं असल्या त्या होत्याही. पण मला त्या किरकोळपणातच रस आहे. आधाराची फाईल कुणी कधी उघडून बघणार नाही अशी खात्री असली की ती फाईल कशी दिसते, हे मी इतक्या ऑफिसांत बघितलंय की मला एफबीआयचं काही वेगळं वाटलंच नाही.

कधी कधी फाईल दाखवतात पण वाचणाऱ्याचे हात बांधून. सिनेटच्या गुप्तचर कमिटीचे उपाध्यक्ष जे रॉकफेलर यांना जुलै २००३ मध्ये एनएसएच्या वॉरंटशिवाय चालणाऱ्या पाळतीबद्दल सांगण्यात आलं. अट अशी की कुणाशीही बोलायचं नाही, स्वतःच्या स्टाफशी नाही, वकिलाशी नाही. त्यांना काळजी वाटली, म्हणून त्यांनी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांना पत्र लिहिलं, आणि ते हाताने लिहिलं, कारण टाईप करायला देणार कुणाला? त्यात त्यांनी सांगितलं की मी तंत्रज्ञ नाही आणि वकीलही नाही, कुणाचा सल्ला घेतल्याशिवाय हे सगळं योग्य आहे की नाही ते मला ठरवता येत नाहीये. आणि पत्राची एक प्रत सीलबंद करून कमिटीच्या सुरक्षित जागेत ठेवून दिली, उद्या कुणी म्हणू नये की तू गप्प बसलास. डिसेंबर २००५ मध्ये वर्तमानपत्राने तो कार्यक्रम फोडला तेव्हा ते पत्र बाहेर आलं. जगातल्या सगळ्यात ताकदवान देशातला सिनेटर, ज्याचं काम देखरेख करणं, त्याच्या हातात शेवटी काय, तर एक बॉलपेन आणि एक पाकीट. मी हे पत्र नेटवर बघितलंय, अक्षर जरा तिरकं आहे, का कोण जाणे पण त्या अक्षराकडे मी बराच वेळ बघत बसले होते.

दहा वर्षांनी परत तेच. १२ मार्च २०१३ ला सिनेटर रॉन वायडन यांनी उघड सुनावणीत गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांना विचारलं की एनएसए लाखो अमेरिकन लोकांची काही माहिती गोळा करते का. क्लॅपर म्हणाले नाही, निदान जाणूनबुजून नाही. वायडन यांना खरं उत्तर माहीत होतं! कमिटीवर असल्यामुळे माहीत होतं आणि कमिटीवर असल्यामुळेच बोलता येत नव्हतं. तीन महिन्यांच्या आत, एनएसएचं काम करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेली कागदपत्रं छापून यायला लागली आणि एनएसए लाखो लोकांच्या फोनच्या नोंदी गोळा करते हे कळलं. या फोन रेकॉर्डच्या कार्यक्रमाबद्दल पुढे एका स्वतंत्र सरकारी मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला, की देशाला धोका असलेल्या एकाही प्रकरणात या कार्यक्रमामुळे तपासाच्या निकालात ठोस फरक पडल्याचं आम्हाला आढळलं नाही. म्हणजे प्रायव्हसीचा प्रश्न बाजूला ठेवा, नुसतं काम होतंय का या प्रश्नाचं उत्तरही इतकी वर्षं कुणी बाहेरच्याने मागितलं नव्हतं. देखरेख म्हणजे यंत्रणेचे पाय ओढणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर वाचावं. नुसती गोळा करत सुटलेली यंत्रणा दमते, आणि दमलेल्या माणसाच्या नजरेतून खरी गोष्ट निसटते.

ज्या मंडळाने हे शोधलं, त्याचं पुढे काय झालं तेही सांगते. जानेवारी २०२५ मध्ये त्यातल्या तीन सदस्यांना नव्या सरकारने काढून टाकलं, एकच सदस्य उरला, कोरम संपला. कुठल्याही कंपनीत ऑडिटरला कधीही घरी पाठवायचा अधिकार मॅनेजिंग डायरेक्टरकडे असेल तर रिपोर्ट कसा येतो ते आम्हाला विचारा.

पण सगळ्यात आमच्या जगातली वाटते ती कैद्यांच्या छळावरच्या सिनेटच्या अहवालाची गोष्ट. सीआयएने कैद्यांच्या चौकशीच्या ९२ व्हिडिओ टेप्स नोव्हेंबर २००५ मध्ये नष्ट केल्या, ते दोन वर्षांनी कळलं, आणि त्यातून सिनेट कमिटीने त्या सगळ्या चौकशी कार्यक्रमाचीच तपासणी करायची ठरवली. सीआयए म्हणाली या की, साठ लाखांवर पानं आहेत, पण ती आम्ही बाहेर देणार नाही, तुम्ही आमच्या जागेत बसा, आमचे कॉम्प्युटर वापरा. मला हे वाचताच हसू फुटलं, कारण हे आम्हाला किती वेळा झालंय, मस्त एसी केबिन, कॉम्प्युटर जोडून दिलेला, काही लागलं तर सांगा मॅडम. आणि मग २०१० मध्ये, आधी दिलेली शेकडो पानं त्या कॉम्प्युटरवरून गुपचूप नाहीशी झाली. मार्च २०१४ मध्ये कमिटीच्या अध्यक्षा डायॅन फाइनस्टाइन यांनी सभागृहात उभं राहून सांगितलं की आमच्या कामाच्या फायलींमध्ये सीआयए शिरली. सीआयए प्रमुख जॉन ब्रेनन यांनी त्याच दिवशी ते उडवून लावलं. जुलैमध्ये सीआयएच्याच इन्स्पेक्टर जनरलने सांगितलं की हो, पाच कर्मचाऱ्यांनी शिरायला नको होतं तिथे शिरकाव केला, आणि ब्रेनन यांनी माफी मागितली. डिसेंबरमध्ये ५२५ पानांचा सारांश बाहेर आला, मूळ अहवाल ६,७०० पानांच्या वर आहे आणि तो अजून बंद आहे.

ऑडिट चालू असताना ऑडिटरचे वर्किंग पेपर्स वाचायचा मोह प्रत्येक ऑफिसला होतो. आमच्या टेबलाचा खण एकदा कुणीतरी उघडला होता, नाव सांगत नाही.

कॅनडाची गोष्ट वेगळ्या कारणाने डोक्यात राहिली. तिथल्या पोलिसांच्या सुरक्षा शाखेने १९७२ मध्ये क्युबेकमध्ये एक बैठक होऊ नये म्हणून चक्क एक कोठार जाळलं होतं. चौकशी आयोग बसला, आणि १९८४ मध्ये पोलिसांपासून वेगळी गुप्तचर संस्था आणि तिच्यावर एक स्वतंत्र देखरेख समिती असं सगळं नीट बांधलं. लोकांनी वाखाणलं. पण समिती फक्त त्या एका संस्थेकडेच बघू शकत होती. २००२ मध्ये माहेर अरार नावाच्या कॅनडाच्या नागरिकाला न्यूयॉर्कच्या विमानतळावर पकडून सीरियात पाठवलं गेलं, तिथे जवळजवळ वर्षभर त्याला डांबून त्याचा छळ झाला. या प्रकरणासाठी बसलेल्या आयोगाने नंतर २००६ मध्ये सांगितलं की तो दहशतवादी असल्याचा काही पुरावा नव्हता, आणि कॅनडाच्या पोलिसांनी अमेरिकेला दिलेली चुकीची माहिती बहुधा याला कारणीभूत होती. पोलिसांनी! म्हणजे देखरेख समितीच्या कक्षेबाहेरच्या कपाटातून. सरकारने माफी मागितली, एक कोटी पाच लाख डॉलर दिले. माहिती एका खात्यातून दुसऱ्यात, एका देशातून दुसऱ्यात वाहत असते आणि तपासणारा मात्र एकाच दारापाशी स्टूल टाकून बसलेला. सगळ्या खात्यांकडे बघू शकेल अशी एकच संस्था कॅनडात आली ती २०१९ मध्ये, आयोगाने सांगितल्यावर तेरा वर्षांनी.

भारतात १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने फोन टॅपिंगच्या केसमध्ये नियम घालून दिले, आदेश गृहसचिवच देतील आणि एक समिती ते नंतर तपासेल. ती समिती सचिवांचीच आहे. आपलेच दात आपलेच ओठ. संसदेने केलेला स्वतंत्र कायदा ना आयबीला आहे ना रॉला, २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक आणलं होतं, ते पुढे सरकलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये पेगासस या फोनमध्ये शिरणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या केसमध्ये कोर्टाने राष्ट्रीय सुरक्षा म्हटलं की आम्ही बघायचंच नाही असं चालणार नाही हे स्पष्ट केलं आणि समिती नेमली, पण समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये काहीतरी मालवेअर मिळालं, ते पेगाससच का हे नक्की ठरलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं समितीचं म्हणणं कोर्टातच वाचून दाखवलं गेलं. फाईल मागितली, आली नाही. एवढंच.

मग जमलंय कुणाला? पूर्ण कुणालाच नाही. पण नॉर्वेबद्दल वाचताना मला आमचे सिनियर फार आठवले. तिथे १९९६ मध्ये एका आयोगाने उघड केलं की पोलिसांच्या गुप्त शाखेने वर्षानुवर्षं डाव्या लोकांवर बेकायदा पाळत ठेवली होती, आणि त्याच वर्षी संसदेने नेमलेली देखरेख समिती कामाला लागली. समितीचे लोक जातात, आधी यंत्रणेचं सादरीकरण ऐकतात (म्हणजे लेबलं लावलेल्या पाच फायली, त्याही बघाव्याच लागतात), आणि मग स्वतः कॉम्प्युटरपाशी बसून यंत्रणेच्या सिस्टीममध्ये शोध घेतात. काय शोधतोय ते यंत्रणेला सांगत नाहीत. हे वाक्य मी तीनदा वाचलं. नेदरलँड्सच्या समितीलाही दोन्ही गुप्तचर संस्थांच्या सिस्टीममध्ये थेट प्रवेश आहे. ऑस्ट्रेलियात १९८६ च्या कायद्याने एक इन्स्पेक्टर जनरल नेमलाय, तो आत शिरू शकतो, कागद मागू शकतो, शपथेवर साक्ष घेऊ शकतो. आणि यातल्या कुठल्याही देशात या समित्यांमुळे हेरांची नावं बाजारात आली असं माझ्या तरी वाचनात नाही. गळती झाली ती कुठून, तर जिथे आतल्या माणसाला तक्रार घेऊन जायला जागा नव्हती, तिथून, असं आपलं मला वाटतं, स्नोडेनबद्दल लोकांची मतं वेगळी आहेत ते माहितीये मला.

आता शेवटी एक सांगायचं राहिलंय, आणि ते सांगावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले.

रिटायर व्हायच्या तीन वर्षं आधी आमच्याच डिपार्टमेंटचं बाहेरच्या लोकांकडून रिव्ह्यू झालं. ऑडिटरचं ऑडिट. बातमी आली तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर राग. आमच्यावर संशय? आम्ही इतकी वर्षं रात्र रात्र बसून काम केलं, आणि ही कालची पोरं येऊन आम्हाला विचारणार? गुप्तचर खात्यातल्या माणसाला सिनेटरचा प्रश्न ऐकून काय वाटत असेल ते मला त्या दिवशी नीट कळलं, त्यात खोट असतेच असं नाही, नुसता अपमान असतो. रिव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी मी माझ्या फायली चाळत बसले होते. एका फाईलमध्ये एक नोट नव्हती. मी एका मॅनेजरशी फोनवर बोलले होते, त्याने खुलासा दिला होता, तो बरोबर होता, मी तो मान्य करून मुद्दा बंद केला होता, सगळं खरं, फक्त त्याची नोट करायची राहून गेली होती. मी एक कागद घेतला, नोट लिहिली, आणि खाली तारीख घातली आठ महिन्यांपूर्वीची.

त्या कार्टर पेज प्रकरणात एफबीआयच्या एका वकिलाने एका ईमेलमध्ये स्वतःचे चार शब्द घुसडले होते आणि ऑगस्ट २०२० मध्ये गुन्हा कबूल केला होता. कोर्टात तो म्हणाला की मी जे घातलं ते त्या वेळी मला खरंच वाटत होतं. बाकी सगळ्यांना ते उत्तर पोकळ वाटलं असेल. मला नाही वाटलं.

रिव्ह्यूची टीम दुसऱ्या दिवशी आली, दोन मुली आणि एक मुलगा, हुशार होते, आदबीने बोलले. मी टेबलावर सहा फायली लावून ठेवल्या होत्या, लेबलं लावून. त्यातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, या छान आहेत, याच बघतो आम्ही." आणि त्यांनी त्याच बघितल्या.